पूजेआधी आयुध टाकू नये

१ सप्टेंबर २०२५ रोजी बेंगळुरात यशवंतपूरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीनं नव्या कंपायलरचे २,४७,८०० रुपये भरले. कंपायलर म्हणजे लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत आणणारं अवजार. त्यात पाच जणांपुरती लायसन्स आली. वापरणारी माणसं सहा होती.

चौघांचा प्रश्न नव्हता. उरले दोघं, दयानंद आणि स्मिता. त्यांतला कोण राहणार ते तीस तारखेला ठरणार होतं.

दयानंद मूळचा निपाणीचा. बी.एस्सी. करून बेंगळुरात आला, कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि ह्या कंपनीत चिकटला, तो त्रेपन्नाव्या वर्षापर्यंत. कंपनी ट्रकच्या वजनकाट्यांचे प्रोग्राम करी. ट्रक काट्यावर चढला की पडद्यावर वजन उमटावं आणि पावती निघावी, एवढंच काम. वजन वाचून घेणारा भाग दयानंदचा, पावतीचा भाग स्मिताचा. दोन्ही जुन्या कंपायलरवर लिहिलेले, आणि तो कंपायलर आता बनवणाऱ्यांनीच मोडीत काढला होता. जुन्यावर लिहिलेलं नव्यावर चालतंच असं नाही. ज्याचा भाग चालेल तो राहील, असं मालकानं सांगून टाकलं.

"मग ती पोरगी जाईल की," घरी महानंदा म्हणाली. "तुम्ही इतकी वर्षं आहासा."

"जाईल की," दयानंद म्हणाला आणि ताटावर बसला. ह्या वयात जुन्या कंपायलरवाल्याला शहरात कोणी दारात उभं करत नाही, हे त्यानं तिला सांगितलं नाही.

ऑफिसात एक रीत होती, त्यानंच घातलेली. आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, दोन कोहळे आणायचे. एक दारात फोडायचा. दुसरा वर्षभर ठेवायचा, आणि ज्याच्या चुकीनं प्रोग्राम बंद पडेल त्याच्या टेबलावर नेऊन बसवायचा, वर चुन्यानं त्याचं नाव. शिवाय त्यानं सगळ्यांना म्हैसूरपाक द्यायचा.

स्मिता नागपूरहून नवी आली तेव्हा महिन्याभरातच कोहळा तिच्याकडे गेला. भेटायला आलेल्या गिऱ्हाइकांनासुद्धा दयानंद तो दाखवी. "ह्या आमच्या स्मिताअक्का. दोघांतला कोहळा कुठला ते ओळखा." पोरगी भरल्या डोळ्यांनी काम करत बसली, तर हा म्हणाला, "कोहळा रडत नाही, तू कशाला रडतेस?"

तिची चूक त्याला आदल्या दिवशीच दिसली होती. "मग सांगायचं होतं ना, सर," ती म्हणाली.

"विचारलं होतंस का? न विचारता सांगितलेलं डोक्यात राहत नाही."

आता विराज टीमचा प्रमुख होता, पुण्याचा, तिशीतला. त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं, "दयानंद सर, मशीनवरचं कंपायलरचं जुनं व्हर्जन आधी पूर्ण काढा, मग टेस्ट घ्या."

"सरी, सरी, बरोबर आहे तुमचं. पण पूजा तोंडावर आलीय. ज्या आयुधानं भाकरी दिली ते पूजेआधी कोण टाकतं? एक तारखेला कुंकू लागू दे, मग काढतो."

"तुमची मर्जी. तीसला मी काट्यावरचं वजन बघणार, बाकी काही नाही."

दयानंदनं मान खाली घालून काम केलं. सुरुवातीला नवा कंपायलर ओळीओळीला अडे. एक चूक निस्तरली की आणखी चार वर येत. शेवटच्या आठवड्यात भाग चालला. त्यानं टेबलावरच्या लहान काट्यावर स्मिताचा जेवणाचा डबा ठेवला आणि वजन उमटलं.

"बघ, वांगी जास्त झालीत आज!" तो खुशीत म्हणाला.

डबा उचलायला स्मिता वाकली. पडद्याच्या खालच्या ओळीत तिला दिसलं की काट्याशी बोलणारी फाइल नव्या कंपायलरची नव्हतीच. प्रोग्राम मशीनभर शोधून जुन्या व्हर्जनच्या फोल्डरातली फाइल उचलत होता. जिथं जुनं व्हर्जन नसेल तिथं तो मुका होणार होता. तिनं डबा छातीशी धरला.

"छान आलंय, सर."

तीस तारखेला मार्केट यार्डात कोऱ्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम चढवला. कांद्यानं भरलेला ट्रक काट्यावर आला. पडद्यावर शून्य. खाली ओळ आली, फाइल सापडत नाही. दयानंदनं बंद करून पुन्हा चालू केलं. शून्यच. मागच्या ट्रकांचे हॉर्न सुरू झाले. "अण्णा, स्वल्प बेगा!" ड्रायव्हर घाई करत ओरडला. स्मिताच्या भागानं पावती मात्र सुबक काढली. वजन शून्य किलो. विराजनं त्या पावतीचा फोटो काढून मालकाला पाठवला.

परतताना गाडीत दयानंदनं विचारलं, "ते जुनीच फाइल वापरत होतं. तुला दिसलं होतं?"

"डबा उचलताना."

"मग सांगायचं होतंस की, बाई."

"विचारलं होतंत का, सर?"

चूक एका फाइलची होती. विराजनं संध्याकाळी चहा पिता पिता ती दुरुस्त केली. दयानंदचा भाग त्यानंतर चालू लागला आणि आजही चालतोय. मालकाचा निरोप त्याआधीच येऊन गेला होता. उद्या पूजेला या, परवापासून नको.

दयानंद पूजेला आला, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. दारातला कोहळा दर वर्षी तोच फोडायचा. "आज स्मिताला फोडू द्या," मालक म्हणाले. तिनं एका फटक्यात फोडला. मशीनींना कुंकू लागलं. दयानंदच्या मशीनवरचं जुनं व्हर्जन विराजनं सकाळीच पुसलं होतं. दुसरा कोहळा त्याच्या टेबलावर होता, वर त्याचं नाव, स्मिताच्या वळणदार अक्षरात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दयानंदनं चष्मा काढून पुसला, मग पुन्हा पुसला.

"सर," स्मिता हळूच म्हणाली, "कोहळा रडत नाही."

तो आपला डबा घेऊन निघून गेला. म्हैसूरपाक स्मितानं आणला, अर्धा किलो. त्याचे तीनशे साठ रुपये दयानंदकडून अजून यायचे आहेत.