बीरय्याच्या छातीतला आवाज

मेटपल्लीच्या बाजारात माझं शिवणाचं दुकान आणि राजलिंगमचं माइकसेटचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत आहे. बत्तीस वर्षं मी त्या भिंतीतून त्याचे आवाज ऐकत आलो. पूर्वी लग्नाचे, जत्रेचे कर्णे तो तिथं तपासायचा आणि माझ्या मशीनची सुई थरथरायची. आता कर्णे माळ्यावर धूळ खात पडलेत. गावोगावची पोरं दुबईहून सुटीला येतात, येताना होम थिएटरचं खोकं आणतात, आणि ते लावायला राजलिंगमला बोलावणं जातं.

त्याची एक रीत होती. तारा जोडून झाल्या की घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला तो मधल्या खुर्चीत बसवायचा, डोळे मिटायला लावायचा आणि विचारायचा, "बोलणारा कुठं उभा आहे? बोट दाखव." बोट टीव्हीकडे गेलं तर पिशवी आवरायची. बोट कोपऱ्याकडे गेलं तर पुन्हा पहिल्यापासून. पोरांना हा खेळ पसंत नसे. त्यांना फळीवरची स्टीलची ताटं वाजायला हवी असत. शेजारच्या रेड्डीकडे चार ताटं वाजली तर आपल्याकडे आठ वाजली पाहिजेत, एवढंच त्यांचं गणित.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी बीरय्याचा मुलगा श्रीशैलम राजलिंगमच्या दुकानात आला.

"मामा, चल लवकर. बापू रुसलाय. जेवतोसुद्धा पाठ करून."

"तुझ्या बापूला रुसायला कारण लागतं होय?"

"मी कॅसेटवरची त्याची कथा मुद्दाम पेनड्राइव्हमध्ये भरून आणली. लावली, तर दोन मिनिटांत उठून गुरांच्या गोठ्यात जाऊन बसला. परवा माझं विमान आहे मामा. मग दोन वर्षं येणं नाही."

राजलिंगमनं हातातला पाना खाली ठेवला. बीरय्या म्हणजे ओग्गूकथा, ढोलाच्या साथीनं देवाची कथा, सांगणारा बीरय्या. ढोलावर थाप पडली आणि त्यानं मल्लण्णादेवाचं नाव घेतलं की कुरुम धनगरांच्या वस्तीतली लेकरं रडायची थांबायची. अठरा जत्रा राजलिंगमनं त्याच्यापुढे माइक धरला. ती कॅसेटही त्याच्याच यंत्रावर भरलेली. चार वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि बीरय्याकडे उरली नुसती कुजबूज.

तारा धरायला म्हणून मीही गेलो. बीरय्याच्या बायकोनं, लच्चव्वानं, आमच्यापुढे तांदळाच्या पिठाच्या खमंग सर्वपिंडीची ताटली सरकवली. बीरय्याला गोठ्यातून आणून खुर्चीत बसवलं तेव्हा त्यानं खुर्ची भिंतीकडे फिरवून घेतली.

श्रीशैलमनं कथा लावली. ढोल वाजला, फळीवरची ताटं किणकिणली, आणि बीरय्याचा आवाज आला. खरं तर दोन आवाज आले. शब्द टीव्हीजवळून आणि घुमणं मागच्या कोपऱ्यातून, पाण्याच्या टाकीत तोंड घालून कुणी बोलावं तसं.

"अन्ना, बोट दाखव," राजलिंगम म्हणाला.

बीरय्यानं दोन्ही हातांची दोन बोटं दोन दिशांना केली. मग कुजबुजला, "हा मी नाही. हा कुणी दोन तुकड्यांचा माणूस आहे."

"आवाज वाटायचा आकडा कितीवर ठेवलास रे?" राजलिंगमनं श्रीशैलमला विचारलं.

"दोनशे. रेड्डीकडे दीडशे आहे."

"म्हणून तुझं दोनशे! अरे, आकड्याच्या खालचा सगळा जाड आवाज त्या कोपऱ्यातल्या मोठ्या खोक्यात जातो आणि वरचा समोरच्या लहान स्पीकरांत. तू बापाचं तोंड टीव्हीपाशी ठेवलंस आणि छाती नेऊन कोपऱ्यात टाकलीस."

लच्चव्वा पदर तोंडाशी धरून हसली. राजलिंगमनं मोठं खोकं उचलून टीव्हीच्या शेजारी आणलं आणि आकडा ऐटीत ऐंशीवर आणला. तरुणपणी तो टॉकीजमध्ये यंत्रावर कामाला होता तेव्हा त्याच्या साहेबानं ऐंशीच शिकवलं होतं.

कथा पुन्हा लागली. आता आवाज एका जागेवरून आला, पण नाकातून आल्यासारखा. बीरय्यानं तळहात छातीवर ठेवला, हळूच थोपटलं आणि मान हलवली. इथं रिकामं आहे.

  राजलिंगम उठला, समोरचा लहान स्पीकर दोन्ही हातांत घेतला आणि कितीतरी वेळ बघत राहिला. ओंजळीत मावेल एवढा.

"चूक माझी," तो म्हणाला. "टॉकीजचे स्पीकर दरवाजाएवढे होते. हे एवढंसं लेकरू, आणि मी ह्याच्या डोक्यावर धान्याचं पोतं दिलं. ऐंशीपर्यंत ह्याच्यानं उतरवत नाही. मधला आवाज कुणीच उचलला नाही, तो तसाच जमिनीवर पडला."

मग त्यानं आकडा थोडा थोडा वर नेला. नव्वद. शंभर. प्रत्येक वेळी तीच ओळ, राजा मल्लण्णा बाणाईच्या दारी येतो ती. प्रत्येक वेळी बीरय्याची पाठ तशीच.

"मामा, दोनशेच्या खाली ढोल मरेल," श्रीशैलम पुटपुटला.

"ढोल कुठं जात नाही. तुझी ताटं गप्प बसतील फक्त."

एकशे दहा. एकशे वीस.

ढोल थांबला. आणि त्या शांततेत समोर, टीव्हीच्या पुढे, फरशीवर पाय रोवून, घोंगडी खांद्यावर टाकलेला चाळीस वर्षांचा बीरय्या उभा राहिला. मला जत्रेतली हळद नाकाशी आली, देवापुढच्या पटनाच्या रांगोळीभोवती बसलेली माणसं दिसली, कर्ण्याच्या खांबावर चढलेला काळ्या मिशांचा राजलिंगम दिसला. आम्ही तिघेही तेव्हा किती सडपातळ होतो!

कथा सांगणाऱ्याच्या शेजारी हुंकार देणारा एक गडी असतो. त्याच्याशिवाय कथा पुढे सरकत नाही. बीरय्याचा गडी ओदेलू वारून बारा वर्षं झाली. कॅसेटमध्ये ओदेलू माइकपासून लांब होता, त्याचा हुंकार कधी नीट भरलाच गेला नव्हता. कॅसेटमधला बीरय्या म्हणाला, "राजा दारी आला," आणि थांबला.

खुर्ची करकरली. बीरय्यानं ती स्वतःच फिरवली. डोळे मिटलेले, तळहात अजून छातीवर. आणि त्या उरल्यासुरल्या कुजबुजीनं त्यानं स्वतःलाच हुंकार दिला, "हां. आला. मग?"

"मग राजानं घोडा बांधला," समोरचा बीरय्या म्हणाला.

"हां, बांधला. मग?"

श्रीशैलम बापाच्या पायाशी फरशीवर बसला. राजलिंगमनं पिशवी आवरली नाही. बोट दाखवायलाही त्यानं सांगितलं नाही. सर्वपिंडी ताटलीत गार होत होती आणि कॅसेटची दुसरी बाजू अजून बाकी होती.