बारा भागांची मालिका

शास्त्रग्रंथ आरंभताना जुने ग्रंथकार एक प्रश्न आधी निकालात काढीत: हे कोणासाठी? विषय ठरला, प्रयोजन ठरले, तरी 'अधिकारी' कोण हे निश्चित होईपर्यंत लेखणी पुढे सरकत नसे. अधिकारी म्हणजे ज्याला ती गोष्ट, त्या अवस्थेत, पेलेल असा माणूस. जे उत्तम आहे ते सर्वांना सरसकट वाटून टाकणे ही सोपी उदारता आहे. समोरच्याची कुवत, त्याचा थकवा, त्याची तहान पाहून त्याला नेमके काय द्यावे आणि काय तूर्त देऊ नये, हा विवेक मात्र दुर्मीळ. मी चाळीस वर्षे वर्गात हा शब्द शिकवला. तो आचरणात आलेला पाहिला तो अशा एका गृहस्थांच्या ठायी, ज्यांनी तो शब्द कधी ऐकलाही नसावा. आणि हेही येथेच सांगितले पाहिजे, की हा गुण निरुपद्रवी नाही. समोरच्याला काय पेलेल हे ज्याला दिसते, त्याला ते किती दिवस पेलेल हेही दिसू लागते.

ते इस्पितळाच्या डायलिसिस विभागात तंत्रज्ञ होते. ज्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत त्यांचे रक्त यंत्रातून फिरवून, स्वच्छ करून, पुन्हा त्यांच्या देहात सोडायचे. आठवड्यातून तीनदा, दर खेपेस चार तास. नऊ खुर्च्या, नऊ यंत्रे, आणि प्रत्येकाच्या एका हातात दोन जाड सुया. तो हात हलवायचा नाही. पहिला तास बोलण्यात जातो, दुसरा डुलकीत. तिसऱ्या तासाला पायांत गोळे येतात, घशाला कोरड पडते आणि पाणी तर मोजूनच प्यायचे असते. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी हा तिसरा तास ओळखला होता. पूर्वी तेथे भिंतीवर टीव्ही असे आणि त्यावरील भांडखोर चर्चांनी रुग्णांचा रक्तदाब चढे. हे त्यांनी आकडे मांडून वरिष्ठांना पटवले, टीव्ही उतरवला आणि प्रत्येक खुर्चीला एक टॅब बसवून घेतला. त्यावर ते जपानी चित्रमालिका लावीत, ज्यांना तरुण मंडळी ॲनिमे म्हणतात. हा नाद त्यांना मुलीने लावला होता. मुलगी नोकरीसाठी दूर गेली, नाद मागे राहिला.

यंत्र दर अर्ध्या तासाने रक्तदाब मोजते आणि मालिकेचा एक भाग चोवीस मिनिटांचा असतो. दोन मोजण्यांच्या मध्ये तो बरोबर बसे. एका खेपेला एकच भाग, तोही तिसऱ्या तासाला. दुसरा मागितला तरी मिळत नसे.

"घरी चोरून बघितलंत तर पुढच्या वेळी सुई बोथट वापरीन," ते गंभीर चेहऱ्याने सांगत.

यामागे युक्ती होती. कंटाळलेले रुग्ण खेप चुकवतात आणि चुकलेली खेप जिवावर बेतते. गोष्ट अर्धवट राहिली की माणूस परत येतो. यावरूनच त्यांना सगळे 'भागवाले' म्हणत.

नवख्यासाठी पहिली मालिका निवडणे हा त्यांचा खरा व्यासंग. स्वतःला आवडलेली मालिका ते कधीच देत नसत. "ती आपण त्याला देत नसतो, आपल्यालाच परत देत असतो," असे म्हणत. सुया टोचताना ते सहज विचारावे तसे विचारून घेत: काम काय करत होता, घरी वाट कोण पाहतं, पुस्तक हातात आलं की शेवटचं पान आधी बघता का? ज्याचा चष्मा जाड त्याला तळाशी बारीक अक्षरे येणारी मालिका नाही. पहिल्या मालिकेत समुद्र नको, पाऊस नको, रश्शाचे वाफाळते वाडगे तर मुळीच नकोत. तहानलेल्याला ते छळ वाटतात. रक्त तर नकोच, ते समोर नळीतून वाहतच असते. एक बसचा ड्रायव्हर होता, जेमतेम पन्नाशीचा. त्याला त्यांनी पाचशेहून अधिक भागांची मालिका दिली: घंटा ओतणाऱ्या एका घराण्याच्या सात पिढ्या. आयुष्यभर हॉर्न ऐकलेल्या माणसाला घंटांची गोष्ट! पण तो तिच्यात असा गुंतला, की खेपेच्या दिवशी विभागाचे दार उघडण्याआधीच दाराशी उभा असे.

माझे थोरले बंधू तेथे दाखल झाले तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते. भूमापन खात्यातून निवृत्त, विधुर, माझ्याकडे राहत. जीभ तिखट. सारा विभाग त्यांना दादाच म्हणू लागला.

"या वयात मला कार्टून दाखवता?" पहिल्याच दिवशी त्यांनी टॅब परतवला. "आणि या बयेचे डोळे एवढे का? थायरॉईड आहे का तिला?"

"दादा, तीन भाग नाक मुठीत धरून बघा," शेजारच्या खुर्चीतून ड्रायव्हर म्हणाला. "चौथ्यापासून डोळे दिसेनासे होतात."

"तुझे होत असतील. साखर तपासून घे."

भागवाल्यांनी त्यांच्यासाठी निवडली होती डोंगरावरच्या वेधशाळेत एकटीच राहून हवामानाच्या नोंदी ठेवणाऱ्या स्त्रीची गोष्ट. वर्षाच्या एकेका महिन्याचा एक भाग, असे बारा. दुसऱ्या भागात ती वाऱ्याने कललेले उपकरण ओळंबा धरून सरळ करते. दादा प्रथमच खुर्चीत पुढे झुकले. "बरोबर धरलाय," एवढेच म्हणाले. त्यानंतर घरी येऊन ते मला त्या स्त्रीच्या चुका सांगू लागले. दादांच्या लेखी हा स्नेहाचा परमावधी होता. डॉक्टर म्हणत, हृदय थोडे अशक्त आहे, बघू या. आम्हीही बघू या म्हणत होतो.

सहाव्या भागाच्या दिवशी मी त्यांच्या खुर्चीपाशीच बसलो होतो.

"भागवाले," दादांनी सर्वांना ऐकू जाईल असे विचारले, "मला बाराच भागांची का दिलीत?"

"नवख्याला लहान बरी असते, दादा."

"मग हा ड्रायव्हर काय आईच्या पोटातून बघून आला होता?"

"मी? मी तर थेटरातसुद्धा घोरायचो," ड्रायव्हर हसला.

"तू इथला जुना. सांग बरं, गेल्या वर्षभरात बारावाले कोण कोण होते?"

ड्रायव्हर निष्पापपणे मोकळ्या हाताची बोटे मिटत मोजू लागला. "त्या कोपऱ्यातल्या शिक्षिकाबाई. मग ते घड्याळजी. मग ते जाडे वकील..." तिसरे बोट अर्ध्यावरच राहिले.

"थांबलास का? कुठं आहेत आता ते तिघं?"

भागवाले पुढे आले आणि काही कारण नसताना नळीवरून बोट फिरवू लागले.

"नळीचं राहू द्या," दादा म्हणाले. "आठवड्याला तीन खेपा, खेपेला एक भाग. बारा भाग म्हणजे चार आठवडे. मी आयुष्यभर जमिनी मोजल्यात, भागवाले. हद्दीचा दगड सरकवलेल्या माणसाचा चेहरा असाच होतो."

भागवाल्यांना खोटे बोलता आले असते. मला अजून वाटते, त्या क्षणी तोच त्यांचा धर्म होता. पण ते यंत्राच्या पडद्याकडे पाहत उभे राहिले आणि त्या उभे राहण्यातच उत्तर आले.

पुढच्या खेपेला दादा उठले नाहीत. "मी येत नाही," म्हणाले. मी विनवले, रागावलो, डॉक्टरांना फोन लावून दिला. त्या पुढच्या खेपेलाही ते गेले नाहीत. त्या संध्याकाळी भागवाले घरी आले. अंगावर विभागातलाच निळा डगला, हातात कापडी पिशवीत टॅब.

"दादा, ही शंभर भागांची आहे. डोंगरातून रस्ता काढणाऱ्यांची. पहिल्या दिवशी हीच मनात आली होती तुमच्यासाठी."

"मग?"

"बाजूला ठेवली."

"का?"

ते खुर्चीच्या कडेला टेकले. "एक म्हातारी होती. तिला मी लांबलचक मालिका दिली होती. शेवटी अतिदक्षता विभागात होती, तिथून निरोप पाठवला, मालिकेतल्या त्या मुलीचं पुढं काय झालं? हातातलं काम संपवून मी गेलो. तोवर ती गेली होती. तेव्हापासून ज्याला पुरी बघून होणार नाही अशी मी कोणाला देत नाही. हृदयाचे रिपोर्ट माझ्या हातातूनच जातात, दादा. बावीस वर्षांत अंदाज येतो."

"माझा किती आला?"

"दोन महिने. फार तर अडीच."

"आणि यंत्र सोडलं तर?"

"आठ-दहा दिवस." मग घाईने म्हणाले, "पण अंदाज चुकतो हो! माणसं खोटं पाडतात मला."

"कोणी पाडलंय?"

भागवाले पिशवीचा बंद बोटाला गुंडाळू लागले.

"डॉक्टरनं गोड बोलून तीन महिने काढले," दादा म्हणाले. "हा माझा भाऊ, पंडित, तोही 'बघू या, बघू या'. खरं तुम्ही एकट्यांनी सांगितलंत, आणि तेही तुमच्या हातून निसटलं म्हणून. आता शंभर भाग आणलेत. ते तुमचा निकाल फिरवायला आणलेत की मला भुलवायला?"

"तुम्ही खेपेला यावं म्हणून. एवढंच."

"आधी दिली असती तर आलो असतो. वेड्यासारखा बघत बसलो असतो."

"तेच हवं होतं हो मला."

"मग ते का केलं नाहीत?"

भागवाले हळूच म्हणाले, "तुमचे सहा भाग राहिलेत. मी तोंडी सांगू का? मला पाठ आहेत."

"नको," दादा म्हणाले. "त्या म्हातारीचं राहिलेलं माझ्यावर फेडू नका."

दाराशी मी त्यांना पाणीसुद्धा विचारले नाही. यंत्र सोडल्याच्या नवव्या दिवशी दादा गेले. अंदाज खरा होता, की अंदाजानेच तो खरा करून घेतला, हे मला आजही ठरवता येत नाही, आणि ठरवायचे साधन दादा बरोबर घेऊन गेले.

मला दुःख मांडता येत नाही. तक्रार मांडता येते. दादा गेल्याच्या पाचव्या दिवशी मी इस्पितळाच्या व्यवस्थापनाला अडीच पानांचे पत्र लिहिले. त्यात एकही अशुद्ध शब्द नव्हता. सदर कर्मचारी रुग्णांचे आयुर्मान परस्पर ठरवून त्यानुसार त्यांस मनोरंजन पुरवतो, हे मी क्रमवार दाखवून दिले. या विभागात खेप चुकवणाऱ्यांची संख्या इतर सर्व ठिकाणांहून कमी आहे, हे मला ठाऊक होते. ते मी लिहिले नाही. डॉक्टरांनी जे लपवले ते या माणसाला लपवता आले नाही, एवढाच त्याचा अपराध असू शकतो, हेही मला पत्र लिहितानाच सुचले होते. तेही लिहिले नाही.

चौकशीत भागवाल्यांनी एक ओळ लिहून दिली: होय, मी असे करीत असे. टॅब काढून घेण्यात आले आणि भिंतीवर पुन्हा टीव्ही आला. त्यांची बदली इमारतीच्या मागच्या बाजूस, यंत्रांना लागणारे पाणी शुद्ध करण्याच्या खोलीत झाली. तेथे मोठाल्या टाक्या आहेत, पंपांची अखंड घरघर आहे आणि रुग्ण एकही येत नाही. दोन वर्षे त्यांनी तेथे पाण्याच्या नोंदी ठेवल्या. मग निवृत्त झाले.

निवृत्तीनंतर आठ महिन्यांनी ड्रायव्हर माझ्या दारात उभा राहिला. हातावर पट्टी, खेप आटोपून तसाच आला होता.

"गुरुजी, भागवाले गेले. झोपेतच. म्हटलं, तुम्हाला कोणी कळवणार नाही."

मी त्याला आत बोलावले. तो उंबऱ्यापाशीच थांबला.

"त्या खोलीत गेल्यावर भेटायचो मी त्यांना. खिडकीतून. म्हणायचो, भागवाले, घंटावाली पोरगी भट्टीपाशी येऊन उभी आहे, पुढं काय? म्हणायचे, आता मी सांगायचं नाही असं ठरलंय."

"हल्ली घरीही सगळं पाहता येतं म्हणतात," मी म्हणालो. काहीतरी बोलायचे म्हणून.

"येतं की. बघत नाही." तो वळला आणि पायरीवरून म्हणाला, "त्यांच्या वेळी आमच्यात कोणी खेप बुडवत नव्हतं. गेल्या वर्षात तिघं बुडवून बुडवून गेले. तुम्ही शिकलेले आहात गुरुजी, ह्याचंही पत्र लिहा कुणाला तरी."

मी पत्र लिहायला बसलो होतो. मायना लिहिला आणि कागद तसाच ठेवला.

भागवाल्यांच्या मागे त्यांची मुलगी आहे. तिने वडिलांच्या निवृत्तीनंतरच्या रकमेतून विभागाला नवे टॅब देऊ केले होते. व्यवस्थापनाने ते नियमावर बोट ठेवून नाकारले. तो नियम विभागाच्या दारावर छापून लावलेला आहे: 'कर्मचाऱ्यांनी रुग्णांस कोणत्याही मनोरंजनाची शिफारस करू नये.' वाक्य माझ्या तक्रारीतून जसेच्या तसे उचललेले आहे.