पेन्शन लागली आणि काकीचा बाजार सुटला

सायवनच्या माझ्या काकीला सरकारची निराधार पेन्शन लागली आणि तिने कासाच्या बाजारात भाजी विकणं सोडून दिलं. काका गेल्यापासून परसातली वांगी, मिरच्या, काकड्या टोपलीत भरून ती जीपने बाजाराला जायची. त्या टोपलीवर तिचं घर चाललं, आणि माझी शाळाही. "कमाई दिसली का पेन्शन बंद," असं तिला जीपमध्येच कुणीतरी सांगितलं होतं. तेवढं तिला पुरलं.

खात्यात पैसे आले की दुसऱ्याच दिवशी ती सगळे काढून आणायची. शिल्लक दिसली तर नाव कापतील, ही धास्ती. जन्मभर पै पै साठवणारी बाई आता घरात तेल, साखर, डाळ भरून ठेवू लागली. मला हसूही यायचं आणि रागही.

एका रविवारी मी डहाणूहून मुद्दाम भांडायला गेले. "तुझ्या टोपलीभर वांग्यांना कोण कमाई म्हणतंय?" मी तावातावाने विचारलं. खरं तर उत्पन्नाच्या दाखल्यात ती वांगी धरतात की नाही, हे शाळेत मास्तरीण असून मलाही धड ठाऊक नव्हतं.

"आन धरली तर?"

"मग दर महिन्याला तेवढे मी देईन!"

काकी रागावली नाही. "तू देशील गं पोरी. पण तुझ्याकडं मागाया लागंल. हे न मागता येतात. उद्या गुडघे बसले तरी येतील."

माझी नोकरी नव्या पेन्शनची. महिन्याच्या महिन्याला पगारातून कापतात, पण म्हातारपणी हातात किती पडेल ते छातीठोकपणे कुणी सांगत नाही. भरवशाच्या चार पैशांची किंमत खरं तर मला कळायला हवी होती.

तरी बाजाराच्या दिवशी ती जीपच्या वेळेला लुगडं बदलून ओट्यावर बसून राहते, असं तिची शेजारीण म्हणाली. पुढच्या बाजाराला मी रजा टाकली आणि तिला म्हटलं, "विकू नकोस, गिऱ्हाईक म्हणून तर चल."

बाजारात तिची जुनी मैत्रीण वांग्यांचे वाटे लावून बसली होती. काकी दोन मिनिटं उभी राहिली, मग तिला राहवेना. "असे वाटे लावतात व्हय? गिऱ्हाईक बघून पळंल," म्हणत तिने फतकलच मारली. बारकी वांगी खाली, तुकतुकीत वर, असे सगळे वाटे नव्याने लावले आणि मैत्रिणीला चहाला पिटाळलं. ती परत येईपर्यंत निम्मं गोणपाट रिकामं झालं होतं. मैत्रिणीने दोन नोटा पुढे केल्या तर काकीने दोन्ही हात पाठीमागे नेले.

परतीच्या जीपमध्ये काकी घामाघूम होती आणि भलती खुशीत. मला तिची इतकी माया आली की मी तिला चिडवलंच, "आज फुकट राबलीस की गं!"

"फुकट कशी?" ती म्हणाली. "उद्या पेन्शन बंद पडली तर मला अजून जमतंय का, ते बघून घेतलं."