गाफच्या खालच्या फांद्या

हे माझ्या तोंडून आजवर निघालेलं नाही. बायकोसमोरही नाही. आखातात, रुवैसजवळच्या लागवडीवर मी झाडं मोजायचो, एवढंच तिला ठाऊक. मोजायचोच. पण — तुम्हाला सांगतो.

शहाण्णव साल. वाळवंटात ठिबकवर जगवलेली गाफची झाडं, म्हणजे आपली शमीच. मी सुपरवायझर. साइट ऑफिसात एक जुनं इंग्रजी पुस्तक सापडलं, कुणा जमीनदाराने दोनेकशे वर्षांपूर्वी लिहिलेलं — इमारती लाकडासाठी झाडं कशी लावावीत, कशी वाढवावीत. खालच्या फांद्या वेळेवर छाटा, खोड सरळ आणि बिनगाठीचं होईल. प्रत्येक गोष्टीला माप दिलेलं. माप दिसलं की माझा विश्वास बसतो. ते ओकबद्दल होतं, पावसाच्या देशातलं — हे मला कळत नव्हतं का? कळत होतं.

माझ्या वरचा मिसरी, म्हणजे इजिप्तचा, इंजिनियर सुट्टीवर होता. त्याला न विचारता मी दोनशे चौदा झाडांच्या खालच्या फांद्या छातीच्या उंचीपर्यंत छाटायला लावल्या. छाटणारा सखाराम, जतकडचा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, येऊन तीन महिने झालेले, मराठीशिवाय भाषा नाही. तो म्हणाला, "साहेब, आमच्याकडं हिला सौंदड म्हणत्यात. खालनं उघडी करू नका. वारं बुडात शिरतं." मी त्याच्यापुढे पुस्तक धरलं. त्याला वाचता येत नाही, हे ठाऊक असून.

नवव्या दिवशी शमाल सुटला. दोन दिवस वाळूचा वारा. बुंध्यांखालची वाळू उडाली, मुळं उघडी पडली, एकशे सत्तर झाडं आडवी झाली. इंजिनियर परतला, रांगेतून फिरला, आणि त्याने इंग्रजीत विचारलं — कुणी छाटली?

मी सखारामकडे बोट केलं. याने स्वतःच्या मनाने केलं, म्हणालो. खरं वाटावं म्हणून फावड्याचा दांडा उचलला. पाच फटके. पहिले दोन पाठीवर. तिसरा त्याने हातावर झेलला, तेव्हा मनगटातून वाळकी फांदी मोडल्यासारखा आवाज आला — आणि तरी मी चौथा मारला. पाचवा तोंडावर. तोवर मला खराच राग आला होता. कशाचा? तो बरोबर होता याचा.

तो वाळूत बसला, दात थुंकला, म्हणाला, "साहेब, सांगा की त्येला. तुम्हीच छाटाय लावलंत न्हवं?"

इंजिनियरने विचारलं, काय म्हणतोय? मराठी कळणारा तिथे मी एकटा. मी सांगितलं — चूक कबूल करतोय, माफी मागतोय. सावकाश, दोनदा सांगितलं.

"खलास," इंजिनियर म्हणाला. व्हिसा रद्द.

तिसऱ्या दिवशी त्याला विमानतळावर न्यायला कंपनीची पिकअप आली. हात गळ्यात बांधलेला, म्हणून त्याची पेटी मी चढवली. सुजल्या तोंडाने तो म्हणाला, "तुमी बोललात माझ्यासाठी, बघितलं मी. दोन-दोनदा सांगितलंत. त्यानंच ऐकलं न्हाई."

मी म्हणालो, हो.