वेशीवरचं मुसळ

"हुकमदार! थांब! म्होरं पाऊल टाकशील तर खबरदार!"

"अवो, डोळं फुटलं का काय तुमचं? मी हाय, मी! तुमची बायकू!"

"परवलीचा शब्द सांग!"

"तुमच्या तोंडात माती, ह्योच शब्द!"

"चूक. माघारी फिर!"

भर सकाळी गावाच्या वेशीत हा जाहीर संसार चालला होता. साहेबाच्या 'हू कम्स देअर'चं 'हुकमदार' करून ओरडणारे पहारेकरी म्हणजे आमच्या आत्तीचे, म्हणजे आत्याचे, यजमान; आमच्याकडे त्यांना मामाच म्हणतात. त्यांच्या खांद्यावर बंदुकीच्या ऐटीत टेकलेलं होतं ते आत्तीच्याच घरातलं मुसळ. आणि आत्तीच्या पाठीमागे रिकामं पोतं काखोटीला मारून, आपण तिच्याबरोबर आलोच नाही असा चेहरा करून उभा होता तो मी, लहानपणापासून तिच्याच घरी वाढलेला, तिचा बावीस वर्षांचा, मिशीला नुकतंच तेल लावू लागलेला भाचा.

आमच्या मुलखात जागचं न हलणारं असं दोनच: एक येळ्ळूरचा गड आणि दुसरे मामा. त्यातही गडाचे चार चिरे दरसाल पावसात ढासळतात. मामांचा एकही कधी ढासळला नाही. बेळगावच्या क्याम्पात भरती होऊन ते पहिल्या मोठ्या लढाईत इराकातल्या बसऱ्यापर्यंत जाऊन आले होते. तिथे त्यांनी बार किती काढले हे गुलदस्त्यातच आहे, पण पहारा असा दिला की समोरचा तुर्क बघून बघूनच दमला आणि तह करून मोकळा झाला. ही हकिकत गावात मीच पसरवली हे खरं, पण ती खोटी ठरवणारा तुर्क अजून येळ्ळूरकडे फिरकलेला नाही. पलटणीतून पेन्शन घेऊन आले तरी पहारा काही त्यांच्या अंगातून उतरला नाही. पहाऱ्यावर बसायचं नाही, विडी ओढायची नाही, गप्पा मारायच्या नाहीत, हत्यार कुणाच्या हाती द्यायचं नाही, आणि ज्यानं उभं केलं त्यानं मोकळं केल्याशिवाय हलायचं नाही, हे नियम ते जेवणाआधी लोक श्लोक म्हणतात तसे म्हणत.

आत्तीनं एकदा अंगणात पापड वाळत घातले आणि चुकून म्हणाली, "जरा ध्यान ठेवा." झालं. मामा ताठ उभे. कावळा आला. पलटणीचा कायदा असा, की परक्याला तीनदा ललकारायचं आणि मगच हत्यार उचलायचं. मामांनी पहिल्यांदा ललकारलं, तेव्हा कावळा पापडावर बसला. दुसऱ्यांदा ललकारलं, तेव्हा त्यानं पापड उचलला. तिसऱ्यांदा ललकारलं, तेव्हा तो पाटलांच्या चिंचेवर बसून खात होता. आत्तीनं कपाळाला हात लावला, तर मामा म्हणाले, "पयल्या ललकारीलाच मारायचं कायद्यात आसतं तर त्येला पाडला आसता."

लोंढ्याच्या स्टेशनात तर त्याहून मोठी मजा. कुणी एक अनोळखी उतारू "पाव्हणं, ट्रंकेवर नजर ठेवा, आलोच" असं सांगून चहा प्यायला गेला. तो चहा बहुधा गोव्याला मिळत असावा, इतका वेळ तो आलाच नाही. मामांची गाडी आली, शिट्टी मारून निघूनही गेली. मामा ट्रंकेपासून वीतभर सरकले नाहीत. उतारू परतला आणि ओशाळून म्हणाला, "अहो, तुमची गाडी गेली की!" मामा म्हणाले, "गाडीवर न्हवतो मी. ट्रंकेवर व्हतो."

अशा माणसाला पाटलांनी गावाच्या वेशीवर उभं केलं, तेव्हा त्यांनी काय ओढवून घेतलंय ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. त्या साली प्लेग आला. घराघरांतून उंदीर पडू लागले आणि रिवाजाप्रमाणे सगळा गाव माळावर झोपड्या घालून राहायला गेला. बाकीच्या वाटा काटेरी बोराट्या टाकून बुजवल्या, राहिली ती एक वेस. पाटील पंचांदेखत मामांना म्हणाले, "उंदीर पडायचं थांबंपातूर कुनाला आत सोडू नगंस. मी आलो तरी न्हाय." हे शेवटचं वाक्य ते उगाच बोलले. चार दिवसांनी त्यांचा पानाचा डबा आठवला आणि ते डुलत डुलत वेशीत आले. मामांनी आधी खाडकन सलाम ठोकला, मग मुसळ आडवं धरलं.

"अरं, हुकूम मीच दिलाय न्हवं तुला?"

"व्हय जी. 'मी आलो तरी न्हाय' म्हनलासा."

"बरं, आता नवा हुकूम देतो. सोड!"

"हुकूम बदलायचा तर पंचांनी चावडीवर बसाय पायजे जी."

"मग जाऊ दे चावडीवर!"

"चावडी आत हाय."

पाटील महिनाभर उसनं पान खात होते. परवलीचा शब्द मामा रोज नवा ठरवत आणि तो फुटू नये म्हणून कुणालाच सांगत नसत, त्यामुळे ओळख पटवून आत जाण्याचा रस्ताच उरला नव्हता. माळावरच्या बायका एक मुसळ कमी पडतं म्हणून कुरकुरत. पण हत्यार परक्याच्या हाती द्यायचं नाही, आणि पहाऱ्यावर बायकोही परकीच.

अशात वळीव कोसळला, आणि आत्तीच्या जिवाची घालमेल सुरू झाली. तिच्या घरात कणगीत तिच्या आईचं भाताचं बियाणं होतं. लग्नात तिनं ओटीत बांधून आणलेलं, दरसाल पेरून जपलेलं. शिजायला लागलं की वास असा सुटायचा, की वाटेनं जाणारे लोक आमच्या दारात काही ना काही काम काढून थांबायचे. हे मी वाढवून सांगत नाही. त्यांच्याही आधी चुलीपाशी मीच घोटाळत असे. यंदा मृगाआधी, धूळवाफेच्या कोरड्या पेरणीत ते पेरलं नाही तर वर्षभराचं जुनं बी पुढे उगवणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. माहेराहून नवं आणावं तर तेही दार बंद, कारण लग्नातच तिच्या थोरल्या भावानं, म्हणजे माझ्या चुलत्यानं, मामांच्या शिपाईगिरीला हिणवून भर मांडवात त्यांना "शिपुरडा" म्हटलं होतं, आणि तेव्हापासून आत्तीनं त्या घरचं पाणी पिलं नव्हतं.

म्हणून ती त्या सकाळी वेशीत उभी होती. शिव्या संपल्या तेव्हा तिचा आवाज उतरला.

"एक पोतं. कणगीचं बूच काढती, भरती, भाईर येती. माझ्या आयची तेवडीच खूण हाय वो."

मामा समोर बघत होते. शेजारच्या गावाला पहारा नव्हता. तिथली माणसं अशीच कुणी डागदागिने आणायला, कुणी कोंबडी आणायला घरात शिरत, आणि मग त्यांच्या माळावर सरणाचा धूर दिसे. त्या सकाळीही दिसत होता. आत्तीनं पाऊल पुढे टाकलं. मामांनी मुसळाचं टोक तिच्या छातीला टेकवलं आणि तिसऱ्यांदा ललकारलं. त्यांचा आवाज फाटला होता, पण मुसळ हललं नाही.

आत्ती माघारी फिरली. त्यानंतर माळावरून ती त्यांची भाकरी माझ्या हाती धाडी, वर कालवण असे, निरोप नसे.

गाव परत भरला तेव्हा आमच्या कणगीतून मेलेल्या उंदरांचा खच निघाला. सरकारी माणसांनी कणगी अंगणात ओढली आणि बियाण्यासकट पेटवली. भाताचा तो वास शेवटचा सगळ्या आळीत पसरला. आमच्या गावातून मात्र त्या साली कुणाचीही तिरडी उठली नाही. पाटलांनी चावडीवर बोलावून मामांना मोकळं केलं, फेटा बांधला. आत्ती ते बघायला आली नाही.

पुढल्या पेरणीच्या तोंडावर मामा मला बरोबर घेऊन खानापूरकडे मेव्हण्याच्या दारात गेले. बसा म्हटलं तर बसले नाहीत, पाणी दिलं तर घेतलं नाही. उंबऱ्याबाहेर ताठ उभे राहिले. ऊन डोक्यावर आलं, कललं. अखेर मेव्हणाच कंटाळून ओरडला, "अरं, पायजे तरी काय तुला?"

"बी," मामा म्हणाले.

त्या घरी आत्तीच्या आईचं तेच वाण देवाच्या नैवेद्यापुरतं लावत असत, त्यातलं ओंजळभर मिळालं. मामांनी ते पटक्याच्या टोकात बांधलं आणि गावापर्यंत मला हात लावू दिला नाही. ओंजळीचं पोतं व्हायला काही साल गेली. मामांचे केस पिकले, खांदा वाकला, मुसळ पुन्हा उखळाशी गेलं.

आत्ती बोलायला लागली होती, पण तिची एक सल गेली नव्हती. सुगीत बांधावर बसून, नव्या लोंब्या हातावर चोळून फुंकर मारली, की ती दरसाल तेच म्हणे, आणि त्या वर्षीही म्हणाली, "त्या दिशी तुमी मला आत सोडलं आसतं, तर माझ्या आयचं समदं बी राह्यलं आसतं."

मामा समोरच्या गडाकडे बघत होते.

"व्हय," ते म्हणाले, "बी राह्यलं आसतं."