पाण्यातून पाण्यात

फोन आला तेव्हा मी थळच्या बंदरावर डिझेलचे कॅन होडीत चढवून घेत होते. रुखसानाआपा सकाळी गेल्या, त्यांची धाकटी बहीण मुंबईहून सांगत होती. चपला घालायला वाकल्या आणि तिथेच... मी विचारलं, "मग उद्या त्यांना आणायला मांडव्याला होडी पाठवायची नाही का?" ती म्हणाली, "नको." मी वहीतल्या उद्याच्या होडीच्या नोंदीवर काट मारली आणि पुढचा कॅन चढवायला सांगितला. दीड महिना झाला, तरी तो प्रश्न मी विचारला हे खरं वाटत नाही.

समोरच्या छोट्या बेटावर जेलीफिशचा अभ्यास करणारं आमचं केंद्र आहे. आपा तिथल्या शास्त्रज्ञ, मी व्यवस्थापक. त्यांची टाकी गोल होती, कारण चौकोनी टाकीच्या कोपऱ्यात जेलीफिश अडकून फाटतात. त्यांना हलवायचं तर स्टीलचा वाडगा टाकीत बुडवायचा, जेलीफिशला आत येऊ द्यायचं आणि पाण्यासकट दुसऱ्या पाण्यात उतरवायचं. एकदा होडीचा तांडेल काशिनाथ जाळीने काढायला गेला, तर आपांनी त्याचं मनगटच धरलं.

"पाण्यात त्याला वजन नसतं रे. हवेत आला की स्वतःच्याच वजनाने फाटतो."

"एवढं मी माझ्या पोरांना न्हाय जपलं, आपा."

"तुझ्या पोरांना हाडं हायत."

हे काशिनाथने पुढे सगळ्या बंदराला हसत हसत ऐकवलं.

नवीन माणूस मिळेपर्यंत केंद्र बंद ठेवायचं ठरलं. टाकीचं पाणी सोडून द्या, असा वरून निरोप आला. आत आपांनी टाचणीच्या डोक्याएवढे असल्यापासून वाढवलेले जेलीफिश होते. बूच काढलं असतं तर सगळे तळाला चिकटून मेले असते. मी वाडगा बुडवला, पण उचलतानाच पाणी सांडायला लागलं. काशिनाथने तो माझ्याकडून घेतला. दुपारभर तो टाकीपासून समुद्रापर्यंत ये-जा करत राहिला. शेवटच्या खेपेला छातीभर पाण्यात बराच वेळ उभा होता.

"गेला का रे?" मी पायरीवरून विचारलं.

"जातोय, ताई. घाई न्हाय त्याला."

मी तिथेच बसले. त्या दिवसापर्यंत मी रडले नव्हते.

वाडगा आता माझ्या ओट्यावर असतो. परवा त्यातलं पाणी टाकायचं होतं. मी तो भरलेल्या बादलीत पुरता बुडवला, थोडी थांबले, आणि मगच तिरका केला.