भीमरावचं ‘कळंना’

भीमराव खरातनं मला फसवलं. एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदाचं मी केव्हाच माफ केलं. दुसऱ्यांदाचं करणार नाही, आणि माणूस गेला म्हणून गोड लिहिणं मला जमायचं नाही. त्याच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी दुकानात काट्यावर माल चढवत होतो. फोन ठेवला आणि समोरच्या गिऱ्हाइकाशी भावावरून तसाच भांडत राहिलो... काय ऐकलं ते डोक्यात शिरलंच नव्हतं.

मस्तगडला माझं भंगाराचं दुकान आहे. तीर्थपुरीहून आलो तेव्हा सायकलला पोती बांधून गल्लोगल्ली फिरलो, त्यामुळे भावात मला कुणी गुंडाळलेलं खपत नाही. वाल्वचे जुने रेडिओ यायचे. त्यांच्यात ट्रान्सफॉर्मरचा जड ठोकळा असतो, तो मी तांब्यासाठी फोडायचो. भीमराव मूळचा धावड्याचा, रेडिओ दुरुस्त करणारा. ढिगापुढे उकिडवा बसून एखादा ठोकळा उचलायचा. लेबल गळून गेलेलं, वायरींचे रंग काळवंडून एकसारखे झालेले. हा कशाचा, असं मी विचारलं की उलटसुलट करून, तोंड पाडून म्हणायचा, "कळंना." न कळणारा माल मी त्याला भंगाराच्या भावात देऊन टाकायचो.

कितीतरी दिवसांनी त्याच्या घरी गेलो, तर माझेच ठोकळे फळीवर ओळीनं मांडलेले आणि वायरी-वायरीला रंगीत दोरा बांधलेला. म्हणजे याला सगळं कळत होतं! मी भडकलो, नाही नाही ते बोललो. सुमनवहिनी हसू दाबत चहा ठेवून गेल्या. भीमराव शांतपणे म्हणाला, "कळतं म्हनलो असतो तर तुम्ही भाव वाढवला असता शेठ. मंग मला परवडलं असतं का?" इतका पक्का सौदेबाज भेटल्यावर राग धरून काय करायचं... मी चहा प्यालो, आणि मग तिथे बसायची सवयच लागली.

त्याचं काम बघत राहावं असं होतं. आधी डोळ्यांनी ओळखायचं. जाड वायरींची जोडी दिसली की ती वाल्व तापवायची, तिला पांढरा दोरा. तीन बारीक वायरी एकत्र निघाल्या की मधली शून्याची आणि कडेच्या दोन्हींत जीव घेणारा दाब, त्यांना लाल. मग मीटर लावायचा. मग घरची वीज द्यायची, पण मधे बल्ब ठेवून. बल्ब जेमतेम लालसर झाला तर ठोकळा चांगला, भक्कन पेटला तर आतून जळालेला. एवढं होऊनही तो दोरा पक्का करायचा नाही. लोड देऊन ठोकळा तापू द्यायचा. "गार असताना समदेच बराबर बोलतात," तो म्हणायचा. "तापल्यावर खरं बाहेर येतं. तुझं बी तसंच हाय शेठ."

गेल्या हिवाळ्यात तो जिना चढताना मधेच थांबायला लागला. छातीवर हात ठेवायचा, मी बघितलं की काढायचा. मी मागे लागलो, संभाजीनगरला मोठ्या डॉक्टरकडे चल, गाडी माझी. म्हणाला, "सुमनसंगं जाऊन आल्तो. समदं बराबर हाय." चेहरा तोच, माझ्या ढिगापुढचा. मी ओळखायला पाहिजे होता...

भीमरावच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, लोक पांगले. सुमनवहिनींनी मला बाजूला बोलावलं. "भाऊ, हे तुमच्यासंगं दवाखान्यात गेल्ते तवा डॉक्टर काय म्हनले? आता तरी लपवू नका. मला हे म्हनले, शेठ होता संगं, समदं बराबर निघालं."

मला त्यानं तुमचं नाव सांगितलं, हे म्हणायला माझी जीभ उचलेना. वहिनींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. तो कुठेच गेला नव्हता. त्या खाली बसल्या. मी उभाच राहिलो.

आमच्या शेवटच्या भेटीत मी त्याच्यासाठी एक ठोकळा नेला होता. पैसे नको म्हणालो, ठेव तुला. त्यानं तो बराच वेळ हातात फिरवला. मी विचारलं, कशाचा? "कळंना." मी हसलो, म्हटलं आता कशाला फसवतोस, फुकट देऊन राह्यलो. तोही हसला. पण दोऱ्याची रिळं काही काढली नाहीत.

वहिनींनी तो ठोकळा मला परत दिला. गल्ल्याशेजारी ठेवलाय, एकाही वायरीला दोरा नाही. कुणी त्यातल्या तांब्याचं विचारलं की मी अंगावर धावून जातो. ते ‘कळंना’ खरं होतं की खोटं, हे मला त्या ठोकळ्याकडे बघून ठरवता येत नाही.

ठोकळ्याचं सोड, भीमराव. त्या घरात एक बाई रोज विचार करत बसते, की शेठला विचारलं असतं तर... आणि इथे मी बसतो, की वहिनींना विचारलं असतं तर... आम्हा दोघांना एकमेकांचं नाव सांगून तू दवाखाना का टाळलास? मला नको, पण त्यांना जबाब दे. आणि या वेळी ‘कळंना’ चालणार नाही.